हवेतील सूर

१९३४ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ३० तारीख. न्यूयॉर्क शहरातील टाउन हॉल नावाच्या सभागृहात त्या दिवशी एक आगळी मैफल झाली. रंगमंचावर एक लाकडी पेटी मांडलेली होती. पेटीच्या उजव्या अंगास धातूची एक उभी दांडी होती आणि डाव्या अंगास धातूचेच एक आडवे वेटोळे. तारा, पट्ट्या किंवा फुंकर घालावयाची छिद्रे असे काहीही त्या पेटीला नव्हते. तेवीस वर्षांची एक तरुणी त्या पेटीमागे उभी राहिली. तिने दोन्ही हात उचलले; परंतु दांडीला अथवा वेटोळ्याला तिचे बोट एकदाही लागले नाही. तिची बोटे हवेत किंचित उघडत व मिटत होती, आणि सभागृहात सूर उमटत होते. ते व्हायोलिनचे म्हणावेत तर व्हायोलिन नव्हते. माणसाच्या कंठातील म्हणावेत तर तिचे ओठ मिटलेले होते.

या तरुणीचे नाव क्लारा रॉकमोर. तिचे वाद्य विजेवर चालणाऱ्या वाद्यांपैकी अगदी आरंभीचे. ते थेरेमिन या नावाने ओळखले जाते.

क्लाराचा जन्म ९ मार्च १९११ रोजी व्हिल्ना या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात होते. आज ते व्हिल्नियस या नावाने लिथुआनिया देशाची राजधानी आहे. माहेरचे आडनाव रायझनबर्ग. तीन बहिणींमध्ये क्लारा सर्वांत धाकटी. तिच्याहून सात वर्षांनी मोठी असलेली नाडिया पियानो शिकत असे. क्लारा दोन-अडीच वर्षांची असतानाच ऐकलेली चाल पियानोवर बोटाने शोधून काढू लागली, तेव्हा या मुलीचा कान सामान्य नाही हे घरच्यांनी ओळखले. कोणताही सूर कानी पडताच तो कोणता, हे ती दुसऱ्या वाद्याचा आधार न घेता सांगू शके. असा कान लाखात एखाद्याला लाभतो, असे आपल्याकडील जुने गवईही म्हणत.

पुढे तिच्या हाती व्हायोलिन आले. चार-पाच वर्षांची असतानाच तिला रशियाच्या राजधानीतील, म्हणजे त्या वेळच्या पेट्रोग्राडमधील, सुविख्यात संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. इतक्या कोवळ्या वयाचा विद्यार्थी त्या विद्यालयाने तोपर्यंत घेतला नव्हता. तेथे लिओपोल्ड आउअर हे तिचे गुरू होते. यशा हायफेट्झसारखे जगप्रसिद्ध वादक ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते हे गुरू. शिस्तीला कडक आणि चुकीला क्षमा न करणारे, अशी त्यांची ख्याती होती. ज्या वयात आपल्याकडील मुले अंगणवाडीत पाटीवर रेघोट्या ओढतात, त्या वयात ही मुलगी गज धरून सुरांची साधना करीत होती.

परंतु काळ मोठा कठीण होता. पहिले महायुद्ध चालू होते, आणि १९१७ साली रशियात राज्यक्रांती झाली. शहरांत अन्नाचा दुष्काळ पडला. वाढत्या वयात अंगी लागावे असे अन्न क्लाराला मिळाले नाही. रायझनबर्ग कुटुंबाने अखेर देश सोडला आणि खडतर प्रवास करून १९२१ सालच्या डिसेंबरात ते अमेरिकेस, न्यूयॉर्कला पोहोचले. आउअर हेही तेथे येऊन राहिले होते. क्लाराचे शिक्षण त्यांच्याकडे पुन्हा सुरू झाले. आता ही मुलगी थोर व्हायोलिनवादक होणार, याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नाही.

आणि नेमक्या याच वेळी तिचा गजाचा हात दुखू लागला. प्रथम वाटले, श्रमाने दुखत असेल. विश्रांतीने बरे होईल. पण ते बरे होईना. बालपणीच्या उपासमारीने हाडे व स्नायू दुर्बळ राहिले होते, आणि व्हायोलिनचा गज तासन्‌तास चालवण्याचे बळ त्या हातात उरले नव्हते. वयाची विशी गाठण्याआधीच क्लाराला व्हायोलिन खाली ठेवावे लागले. ज्या मुलीने चौथ्या-पाचव्या वर्षापासून दुसरे काही केलेच नाही, तिला हे किती जड गेले असेल! कान पूर्वीसारखाच तीक्ष्ण होता, मनात संगीत भरून राहिले होते. ते बाहेर यावयाची वाट मात्र बंद झाली होती.

आता त्या पेटीच्या जनकाकडे वळू. लेव सेर्गेयेविच टर्मेन हा १८९६ साली जन्मलेला रशियन पदार्थवैज्ञानिक. पाश्चात्त्य देशांत त्यास लिऑन थेरेमिन म्हणत. तो चेलो हे वाद्यही शिकलेला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९२० साली प्रयोगशाळेत वायूंचे विद्युत्-गुणधर्म मोजण्याचे एक यंत्र तो तयार करीत होता. त्या यंत्राजवळ हात नेला की त्यातून निघणाऱ्या शिळेचा सूर चढे आणि हात मागे घेतला की तो उतरे, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी याला यंत्रातील दोष मानून तो काढून टाकला असता. चेलो वाजवणाऱ्या या माणसाने त्या दोषावर एक चाल वाजवून पाहिली!

असे का होते, हे समजून घेण्यास तंबोऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारांचे सूर अगदी जवळ आले, पण पुरते एक झाले नाहीत, तर त्यांच्या नादात एक लाट ऐकू येते. आवाज ठरावीक वेळाने फुगतो आणि ओसरतो. दोन तारांच्या कंपनांत दर सेकंदाला जितका फरक, तितक्या त्या लाटा. थेरेमिनमध्ये तारांच्या जागी विजेची दोन मंडले असतात. दोन्हींची कंपने इतकी जलद, की माणसाच्या कानाला ती ऐकूच येत नाहीत. समजा, एका मंडलाची कंपने सेकंदाला १,७०,००० आहेत आणि दुसऱ्याची १,६९,५६०. दोहोंतील फरक ४४० होतो, आणि ४४० कंपनांचा सूर आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या मंडलाची कंपने कायम असतात. दुसरे त्या उभ्या दांडीला जोडलेले असते. मानवी शरीर विद्युत्‌भार साठवू शकते. म्हणून हात दांडीजवळ गेला की दुसऱ्या मंडलाची कंपने थोडी मंदावतात, फरक वाढतो व सूर चढतो. डावा हात वेटोळ्याजवळ नेला की आवाज लहान होतो, वर उचलला की मोठा होतो. माझ्या लहानपणी शिरूर कासारला व्हॉल्व्हचे रेडिओ होते. त्यांची सुई फिरवताना दोन केंद्रांच्या मध्ये एक चढती-उतरती शीळ ऐकू येई आणि आम्हा मुलांची करमणूक होई. ती शीळ आणि थेरेमिनचा सूर ही एकाच घराण्यातली भावंडे होत, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचून कळले.

टर्मेनने १९२२ साली हे वाद्य लेनिनला वाजवून दाखवले. पुढे युरोपातील मोठ्या शहरांत कार्यक्रम करून १९२७ च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला आला. आर. सी. ए. या अमेरिकन कंपनीने १९२९ साली थेरेमिन विक्रीस काढले. ज्याला चाल गुणगुणता येते त्याला हे वाद्य वाजवता येईल, अशी जाहिरात करण्यात आली. ती साफ चुकीची होती. लोकांनी वाद्य घरी नेले, हात हलवले, आणि मांजराच्या भांडणासारखे आवाज काढून ते अडगळीत टाकले. त्यातच त्या वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. सुमारे ५०० वाद्ये तयार झाल्यावर कंपनीने ते काम थांबवले. शास्त्रज्ञाने केलेले एक गमतीचे खेळणे, एवढेच थेरेमिनचे स्थान लोकांच्या मनात उरले.

अशा वेळी क्लारा आणि टर्मेन यांची गाठ पडली. व्हायोलिनवादक मुलीचा हात निकामी झाला होता, आणि एका वाद्याला खरा वादक मिळत नव्हता. या वाद्याला गज ओढावा लागत नाही, तार दाबावी लागत नाही. दुखऱ्या हातालाही ते झेपण्यासारखे होते. टर्मेनला ही बुद्धिमान मुलगी फार आवडली. तिच्या अठराव्या वाढदिवशी त्याने एक अजब केक करून आणला. क्लारा त्याच्याजवळ जाताच तो केक आपोआप गोल फिरू लागला आणि त्यावरील मेणबत्ती उजळली. हवेतील हाताने सूर काढणारीच विद्या त्याने केकमध्ये बसवली होती! टर्मेनच्या मनात तिच्याशी विवाह करावा असे होते. परंतु क्लाराने रॉबर्ट रॉकमोर या वकिलाशी विवाह केला. दोघांचा स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला.

थेरेमिन वाजवणे हे व्हायोलिनहून सोपे, असे मात्र कोणी समजू नये. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला सूर मिळतो. सतारीला पडदे असतात. सारंगीला पडदे नसतात. तेथे सूर शोधावा लागतो, तरी निदान बोटाखाली तार असते. थेरेमिनमध्ये बोटाखाली काहीच नाही. सारे काही हवेत. उजवा हात जवभर इकडे-तिकडे झाला तर सूर बेसूर होतो. श्वासाने छाती हलली, मान वळली, साथीदार जवळून गेला, तरी वाद्य ते ऐकते आणि लगेच बोलून दाखवते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधले सर्व सूर घसरत ऐकू येतात. आपल्या संगीतात मींड हा अलंकार आहे. परंतु प्रत्येक दोन स्वरांमध्ये मींडच येऊ लागली तर ते गाणे न राहता रडणे होईल. बहुतेकांचे थेरेमिन रडत असे ते याच कारणाने.

क्लाराबाईंनी यावर स्वतःची एक रीत शोधून काढली. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवावयाची आणि उरलेली बोटे कमीअधिक उघडून सूर बदलावयाचे. सगळा हात पुढेमागे करण्याऐवजी बोटाच्या लहानशा हालचालीने एकदम नेमक्या सुरावर जाता येऊ लागले. हवेतही त्यांनी व्हायोलिनप्रमाणे बोटांची स्थाने ठरवली, असे म्हणता येईल. डावा हात क्षणभर खाली आणून त्या मधली घसरण झाकून टाकीत. वादन चालू असताना त्यांचे सर्वांग मूर्तीसारखे स्थिर असे. सूर लागला की नाही हे सांगणारी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, आणि ती म्हणजे व्हिल्न्यातील पियानोपाशी ओळखला गेलेला त्यांचा कान.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. वाद्यातील उणिवा त्यांनी टर्मेनला एकेक करून दाखवल्या. सुरांचा पल्ला सुमारे तीन सप्तकांचा होता, तो पाच सप्तकांचा हवा. डाव्या हाताला वाद्याने अधिक त्वरेने उत्तर द्यावे, म्हणजे तुटक स्वरही वाजवता येतील. पेटीची उंची कमी असावी, म्हणजे वादकाचे हात श्रोत्यांना दिसतील. टर्मेनने त्यांच्यासाठी या सर्व सुधारणा असलेले खास वाद्य बनवले. शास्त्रज्ञाने शोध लावला खरा. परंतु तो शोध वाद्यपणाला पोहोचला तो क्लाराबाईंच्या हट्टामुळे, असे माझे मत आहे.

क्लाराबाईंनी वाजवण्यासाठी काय निवडले, यावरून त्यांचे धैर्य दिसते. नवलाईचे आवाज काढून टाळ्या मिळवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी तसे केले नाही. सेझार फ्रांक या फ्रेंच परंपरेतील रचनाकाराचा व्हायोलिन व पियानो यांसाठी असलेला प्रसिद्ध सोनाटा त्यांनी थेरेमिनवर वाजवला. पाश्चात्त्य संगीतात मोठ्या वाद्यवृंदाखेरीज, दोन, चार किंवा सात-आठ वादकांनी मिळून वाजवावयाचे एक अभिजात संगीत आहे. त्यास चेंबर संगीत म्हणतात. मूळचे ते दिवाणखान्यातले, आपल्याकडील बैठकीसारखे. तेथे गर्दीत लपावयास जागा नसते. प्रत्येक वादकाचा प्रत्येक सूर उघडा पडतो, आणि एकाने दुसऱ्याचे ऐकत पुढे जावे लागते. अशा बैठकीत विजेच्या पेटीने व्हायोलिनच्या जागी बसावे, ही मागणी लहान नव्हती. ज्या रचना व्हायोलिनवर वाजवावयाचे त्यांच्या नशिबी नव्हते, त्या रचनांकडे त्या या नव्या वाटेने परत आल्या.

त्या काळी इतर ठिकाणीही असे प्रयत्न होत होते. जर्मनीत ट्राउटोनियम नावाचे विजेचे वाद्य निघाले आणि पाउल हिंडेमिट यांनी १९३० साली तशा तीन वाद्यांसाठी रचना लिहिल्या. फ्रान्समध्ये मॉरिस मार्तनो यांच्या वाद्यावर ऑलिव्हिए मेसियां यांनी १९३७ साली सहा वादकांची एक रचना केली. १९४४ साली बोहुस्लाव मार्टिनू यांनी थेरेमिन, ओबो, चार तंतुवाद्ये व पियानो यांसाठी एक फँटसी रचली. ती ल्यूसी रोझन या दुसऱ्या थेरेमिनवादक बाईंनी लिहवून घेतली होती. क्लाराबाईंचा मार्ग यांपेक्षा वेगळा, आणि मला वाटते अधिक बिकट होता. नव्या रचनेत नवे वाद्य कसे वाजावे हे ठरलेले नसते, म्हणून चूक चटकन ओळखू येत नाही. जुन्या रचना श्रोत्यांना पाठ असतात.

प्रख्यात कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दौरे केले. मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर त्यांचे एकल वादन झाले. अनिस फुलेहान यांनी खास त्यांच्यासाठी रचलेला कॉन्चेर्टो १९४५ साली लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्कमध्ये सादर झाला.

त्याच सुमारास चित्रपटवाल्यांचे लक्ष थेरेमिनकडे गेले. वेडाचे झटके, भुते, परग्रहावरील प्राणी असे काही पडद्यावर आले की मागे थेरेमिनचा कापरा आवाज वाजू लागे. या कामात पैसा व प्रसिद्धी दोन्ही होती. परंतु आपल्या वाद्याने लोकांना भिववण्याचे काम करणे क्लाराबाईंना मान्य नव्हते. विजेच्या वाद्यांचे चित्रपटांशी नाते आपल्याकडेही जुने आहे. मुंबईत तयार झालेल्या १९५४ सालच्या नागिन या चित्रपटातील पुंगीचे सूर तुम्ही लग्नाच्या वरातीत बँडवर ऐकले असतील. ते मूळचे गारुड्याच्या पुंगीवरचे नव्हेत. कल्याणजी वीरजी शाह यांनी ते क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवले होते. असो.

इकडे टर्मेनचे काय झाले? १९३८ साली तो न्यूयॉर्क सोडून रशियास परत गेला, आणि पुढच्याच वर्षी तेथील सरकारने त्याला कैद केले. सैबेरियातील कोलिमाच्या श्रमछावणीत त्याला पाठवण्यात आले. नंतर कैदी शास्त्रज्ञांच्या एका गुप्त प्रयोगशाळेत त्याच्याकडून काम करवून घेण्यात आले. न्यूयॉर्कमधील मित्रांना यातले काही कळले नाही. वर्षे लोटली, पत्र नाही, निरोप नाही. तो मरण पावला असावा असेच सर्वांनी धरले. क्लाराबाई मात्र त्याने करून दिलेले वाद्य वाजवीत राहिल्या.

१९६२ साली क्लाराबाई पतीसह मॉस्कोस गेल्या असता टर्मेन जिवंत असल्याचे त्यांना समजले. त्या काळी सोव्हिएट नागरिकाने परदेशी पाहुण्यांना उघडपणे भेटणे धोक्याचे होते. भेट गुपचूप झाली. चोवीस वर्षांनी समोर आलेली ती दोन माणसे! तो आता साठी ओलांडलेला होता, आणि त्या पन्नाशीच्या होत्या. घटकाभर बोलून ती पुन्हा दोन दिशांना गेली.

वाढत्या वयात क्लाराबाईंचे जाहीर कार्यक्रम कमी झाले. त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका इतकी वर्षे निघालेलीच नव्हती. हे काम रॉबर्ट मूग यांनी अंगावर घेतले. मूग हे शाळकरी वयातच थेरेमिन बनवू लागले होते आणि १९६४ साली त्यांनी तयार केलेल्या सिंथेसायझरने पुढे जगाचे संगीत बदलून टाकले. त्यांच्या पुढाकाराने १९७७ साली क्लाराबाईंची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. साथीला पियानोवर त्यांच्या थोरल्या बहीण नाडिया होत्या. व्हिल्न्यात जिच्या पियानोपाशी उभी राहून धाकटीने पहिले सूर ओळखले, तीच नाडिया. या मुद्रिकेत सँ-साँ यांच्या हंसाची धून आहे आणि राखमानिनॉव्ह यांचे शब्दांवाचूनचे गीतही आहे. डोळे मिटून ऐकले तर कोणी बाई गात आहे असा भास होतो. फक्त ती बाई श्वास घेण्यासाठी कोठेही थांबत नाही.

१९९१ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, टर्मेन न्यूयॉर्कला आला. ज्या शहरातून तो त्रेपन्न वर्षांपूर्वी गेला होता, तेथेच क्लाराबाईंची व त्याची पुन्हा भेट झाली. स्टीव्हन मार्टिन यांच्या माहितीपटात ती पाहावयास मिळते. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९९३ रोजी, मॉस्कोमध्ये टर्मेनचे निधन झाले. क्लाराबाई १० मे १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे वारल्या. थेरेमिन शिकू पाहणारा आजचा विद्यार्थी अंगठा व तर्जनी जुळवून हवेत पहिला सूर शोधतो, तेव्हा तो बहुधा त्यांनीच लावून दिलेल्या रीतीने बोटे उघडीत असतो.